क्रांती आणि बांधीवरची माणसे : वैनगंगेच्या खोऱ्यातून ऐतिहासिक कादंबरीकडे

क्रांतीचा इतिहास बहुतेक वेळा नेते, तारखा आणि खटल्यांचे निकाल यांच्या आधारे उभा राहतो; त्याच दिवसांत गावातली चूल कशी पेटली, धान कोणी लावले आणि मध्यरात्री ठोठावलेले दार कोणी उघडले, हे सांगण्याचे काम मात्र कादंबरीवर येते. हंगेरियन विचारवंत जॉर्ज लुकाच यांनी १९३७ मधील आपल्या ग्रंथात वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांचे हेच सामर्थ्य दाखवून दिले. स्कॉटचा नायक मध्यम वकुबाचा, दोन्ही पक्षांत वावरणारा असतो आणि म्हणूनच त्याच्या नजरेतून संपूर्ण समाजाची घालमेल दिसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड' (१८७१) पासून मानली जाते. पुढे या प्रकारावर राजे, सेनापती आणि पेशवे यांचीच छाया दाट झाली. सामान्य माणसाने क्रांती कशी भोगली याचा अस्सल पुरावा मराठीत कादंबरीबाहेर, विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात सापडतो. पेण तालुक्यातील वरसईचे हे भिक्षुक घरचे दारिद्र्य फिटावे म्हणून दानदक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. राणी लक्ष्मीबाईंचा पराक्रम ते आदराने सांगतात. पण लपून काढलेल्या दिवसांतली तहान, लुटारूंच्या हाती गेलेला पैसा आणि आई-वडिलांसाठी खांद्यावरच्या कावडीतून आणलेले गंगाजल हेही तितक्याच तपशिलाने नोंदवतात. चिंतामण विनायक वैद्य यांनी हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. इतिहासकाराला यात झाशीच्या वेढ्याचा साक्षीदार मिळतो, तर कादंबरीकाराला त्याहून मोठी गोष्ट मिळते : क्रांतीच्या ऐन गर्दीतही माणसाला घरचे कर्ज आणि आई-वडील आठवत असतात.

ही दृष्टी कादंबरीत पूर्ण ताकदीने उतरली ती अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) मध्ये. वाटेगाव परिसरातील मांग समाजाचा फकिरा हा तरुण उपासमारीने गाव मरू लागल्यावर धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो आणि इंग्रजी सत्तेशी झुंजतो. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठरलेल्या वेळी अधिकाऱ्यापुढे उभे राहून आपण गावातच असल्याचे दाखवावे लागे. या सक्तीला 'हजेरी' म्हणत. या हजेरीचा अपमान आणि रिकाम्या पोटाची आग इतकी जवळून दिसते की बंड हा सिद्धांत न राहता घरातली गरज बनतो.

वैनगंगेच्या खोऱ्याजवळ असेच साहित्यद्रव्य विपुल आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव झाला. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा तरुण हुतात्मा झाला, संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले आणि नंतर आलेल्या लष्कर-पोलिसांनी पुरुषांची धरपकड करून स्त्रियांवर अत्याचार केले. या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून अनसूयाबाई काळे झटल्या. या घटनांचा इतिहास लिहिला गेला आहे. पण झाडीपट्टीत, म्हणजे धान पिकवणाऱ्या या पूर्व विदर्भात, ऑगस्ट हा धानाच्या रोवणीच्या आगेमागेचा काळ असतो. कर्ते पुरुष तुरुंगात असताना बांधीतले, म्हणजे बांध घातलेल्या शेतातले, पाणी कोणी राखले आणि निंदण कोणी केले, हा प्रश्न कादंबरीचा आहे.

याच खोऱ्यात पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे उलथापालथीचे दुसरे पर्व आले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाचे भूमिपूजन झाले आणि सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट असलेल्या या कामाला २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा केंद्राने उचलण्याचा, दर्जा मिळाला. धरणाला क्रांती म्हणता येणार नाही; पण घर, शेत, देऊळ आणि स्मशान एकाच वेळी सोडावे लागलेल्या कुटुंबाला काळाची उलथापालथ तितकीच खोल जाणवते. धरणग्रस्तांचे हे जगणे विश्वास पाटील यांच्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त 'झाडाझडती'ने मराठीत आणले. वैनगंगेकाठी मात्र त्याची बोली वेगळी, पीक वेगळे आणि माजी मालगुजारांच्या तलावांशी, म्हणजे 'मामा तलावां'शी, असलेले नातेही वेगळे आहे.

या खोऱ्याची अशी कादंबरी लिहिताना लेखकाने मोठ्या प्रसंगाआधी रोजचे जगणे जमवले पाहिजे : पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटणाऱ्या बायांची गाणी, खटल्यात उभ्या राहिलेल्या घरांच्या आठवणी, मोबदल्याच्या नोटिसांच्या घड्या आणि झाडीबोलीतले शब्द. आठवणी सांगणारी पिढी विरत चालली आहे, म्हणून हे काम आता लांबवून चालणार नाही. वाचकही दूर नाही. दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांना शेतकरी-मजूर गर्दी करतात आणि आपल्या जगण्याची गोष्ट आपल्या बोलीत ऐकण्याची त्यांना सवय आहे. त्यांच्या आजी-आजोबांना कादंबरीत पार्श्वभूमीवरून मधोमध आणले, तरच चिमूरची आणि गोसीखुर्दची खरी किंमत पुढच्या पिढीला कळेल.