सागाचा ओंडका आणि लोखंडी पंजा

तुमच्या घराच्या दाराची चौकट एकदा नीट न्याहाळून पाहा. घर जुने असेल, तर ती बहुधा सागाची असेल. आणि घर विदर्भातले असेल, तर तो साग कदाचित आलापल्लीच्या रानातला असेल. चंद्रपूर आणि गडचिरोली हे आज दोन जिल्हे आहेत. १९८२ पर्यंत तो एकच चंद्रपूर जिल्हा होता. इथला साग दूरदूर नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये सागवान निघाले ते बल्लारपूरच्या आगारातून. आलापल्लीजवळचा 'वैभव आलापल्ली' नावाचा जंगलाचा तुकडा तर १९५३ पासून कुऱ्हाड न लावता राखून ठेवला आहे. साग किती उंच आणि किती सरळ वाढू शकतो, हे पाहायचे असेल तर तिथे जाऊन मान वर करावी!

पण आज आपण झाडाविषयी बोलणार नाही. झाड पडल्यानंतर जो प्रश्न उभा राहतो, त्याविषयी बोलणार आहोत. तो प्रश्न असा, की हा ओंडका आता जागचा हलवायचा कसा?

ओंडक्याचे वजन किती?

आपण एक मध्यम ओंडका घेऊ. लांबी ३ मीटर आणि गोलाई, म्हणजे घेर, १२० सेंटिमीटर. घेराला २π ने भागले की त्रिज्या मिळते, सुमारे १९ सेंटिमीटर. त्यावरून घनफळ काढा. ते ०.३४ घनमीटरच्या आसपास येईल. लाकडाच्या आगारात मात्र वेगळाच हिशेब चालतो. तिथे गोलाईचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. आपल्या ओंडक्याचे या रीतीने ०.२७ घनमीटरच भरते. मग ही चूक आहे का? नाही. या दोन उत्तरांचे गुणोत्तर नेहमी π/४, म्हणजे ०.७८५ इतकेच येते. उरलेला पंचमांशाहून थोडा अधिक भाग साल आणि करवतकामात वाया जाणारे लाकूड यांच्यापोटी सोडून दिला, असे समजायचे.

वजन काढताना मात्र सगळाच ओंडका धरावा लागतो. ताजा तोडलेला साग जवळजवळ पाण्याइतका जड असतो. म्हणून तर ब्रह्मदेशात झाड उभे असतानाच बुंध्याभोवतीचे लाकूड वलयाकार कापून ते दोन-तीन वर्षे वाळू देत आणि मगच तोडून नदीत सोडत. ताजा ओंडका बुडाला असता! तेव्हा आपल्या ओंडक्याचे वजन झाले सुमारे ३४० किलोग्रॅम. पुरता वाळल्यावर ते २२० किलोग्रॅमपर्यंत उतरेल. पण रानातून बाहेर काढायचा असतो तो ओला ओंडकाच.

पूर्वी हे काम माणसे, बैल आणि हत्ती करीत. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला जो हत्ती-कॅम्प आहे, तिथल्या हत्तींकडे पूर्वी ओंडके ओढण्याचे काम असे. आज लोक ते हत्ती पाहायला जातात. माणसांच्या हाती असत पहार, दोरखंड आणि खांद्यावरचे बांबू.

एक आठवण

मी कॉलेजात शिकत असताना सुटीत एका लाकूड आगारात गेलो होतो. छातीइतक्या उंचीची ओंडक्यांची थप्पी होती. खालच्या ओंडक्याला लावलेला दगड एका मजुराने पहारीने काढला आणि वरचा ओंडका घरंगळला. तो मजूर मागे सरकला, पण पुरेसा नाही. त्याचा पाय घोट्यापाशी चिरडला गेला. पुढे मी त्याला बाजारात काठी टेकीत चालताना पाहत असे. त्या वेळी सगळे म्हणाले, "नशीब!" मी भौतिकी शिकत होतो, पण मीही तेच म्हणालो.

आज मी तो प्रसंग गणितात मांडतो. भरीव दंडगोल एक मीटर उंचीवरून न घसरता घरंगळत आला, तर त्याची स्थितिज ऊर्जा दोन ठिकाणी वाटली जाते. काही पुढे जाण्यात आणि काही स्वतःभोवती फिरण्यात. हिशेब केला की खाली येताना त्याचा वेग सेकंदाला ३.६ मीटर निघतो, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. वेगाने चाललेल्या सायकलीएवढा! पण ही सायकल ३४० किलोग्रॅमची आहे आणि तिला ब्रेक नाही. उतारावरच्या ओंडक्यासमोर कधीही उभे राहू नये, हा नियम नशिबाचा नाही, ऊर्जेचा आहे.

एक टोक उचला

आता ओंडका ओढू या. जमिनीवर ओढताना घर्षणगुणांक ०.६ धरू. म्हणजे ३४० किलोग्रॅमच्या ओंडक्याला सुमारे २०४ किलोग्रॅम-भार इतक्या बलाने ओढावे लागेल. शिवाय त्याचे पुढचे टोक नांगराच्या फाळासारखे मातीत रुतेल, ते वेगळेच.

आता पुढचे टोक थोडे वर उचला. ओंडक्याचा निम्मा भार, १७० किलोग्रॅम, उचलणाऱ्यावर आला. जमिनीवर उरला निम्मा. म्हणून घर्षणही निम्मे झाले, सुमारे १०२ किलोग्रॅम-भार. आणि टोक रुतणेही थांबले. जाड पुस्तक दोऱ्याने बांधून ताणकाट्याने ओढा. मग पुस्तकाची पुढची कड दुसऱ्या दोऱ्याने उचलून धरा आणि पुन्हा ओढा. काटा काय दाखवतो ते वहीत टिपून ठेवा.

लोखंडी पंजा

परदेशांत झाडतोडीचे काम करणारे लोक आता एक छोटे यंत्र वापरतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५७ मध्ये केलर नावाच्या दोन भावांनी एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी लहानसा तीनचाकी लोडर बनवला. खुराड्याच्या अरुंद जागेत त्याला जागच्या जागी वळता यावे, हा हेतू. पुढे त्याहूनही लहान लोडर निघाले. त्यांत बसायला जागाच नाही! चालक मागच्या पायरीवर उभा राहतो. चाकांऐवजी रबरी पट्टे असतात, रणगाड्याला असतात तसे. दोन पट्टे उलटसुलट फिरवले की यंत्र जागीच वळते. पुढच्या दोन बाहूंना बादलीऐवजी लोखंडी पंजा लावला की तो ओंडका पकडतो.

हा पंजा म्हणजे तुमच्या आईची सांडशीच समजा. फरक इतकाच, की सांडशी आपण हाताने दाबतो आणि पंजा तेलाने दाबला जातो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. समजा, पंपाने तेलाला दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅम-भार इतका दाब दिला आणि पंजाच्या नळकांड्यातील दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आहे. तर दट्ट्यावर बल येईल ४,००० किलोग्रॅम-भार. दट्ट्या पंजाच्या खिळीपासून १० सेंटिमीटरवर जोडला असेल आणि पंजाचे टोक ४० सेंटिमीटरवर असेल, तर तरफेच्या नियमाने टोकाशी मिळतील १,००० किलोग्रॅम-भार. बल चौपट घटले, पण टोक चौपट अंतर सरकले. निसर्गाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही.

घरी करून पाहा. औषधाच्या दोन सुया नसलेल्या, न वापरलेल्या पिचकाऱ्या घ्या, एक लहान आणि एक मोठी. त्या बारीक नळीने जोडून आत पाणी भरा, हवा राहू देऊ नका. लहान पिचकारीचा दट्ट्या बोटाने दाबा आणि मोठीचा दट्ट्या मित्राला अडवायला सांगा. मित्र हरेल!

मग सगळे सोपे झाले का?

इथेच खरी गंमत आहे, आणि धोकाही. पंजा हजार किलोग्रॅम-भाराने ओंडका दाबू शकतो. मग यंत्र आपला ओंडका सहज उचलेल, असे वाटते ना? हिशेब करू या.

समजा, यंत्राचे वजन १,००० किलोग्रॅम आहे. ते पुढे कलंडले तर पट्ट्यांच्या पुढच्या कडेवर कलंडेल. तो आपला टेकू. यंत्राचा गुरुत्वमध्य टेकूच्या ६० सेंटिमीटर मागे आहे. चालक ६० किलोग्रॅमचा असून १५० सेंटिमीटर मागे उभा आहे. ओंडका टेकूच्या ९० सेंटिमीटर पुढे धरला आहे. वजन गुणिले अंतर, म्हणजे परिबल, दोन्ही बाजूंचे मोजा. मागे यंत्राचे ६०,००० आणि चालकाचे ९,०००, मिळून ६९,०००. याला ९० ने भागा. ७६७ किलोग्रॅमचा ओंडका उचलला, की यंत्र नेमके कलंडण्याच्या बेतात येईल. चालक का मागे उभा, हेही कळले ना? तोही तराजूतले एक वजनच आहे. तो मध्येच खाली उतरला, तर ही मर्यादा एकदम १०० किलोग्रॅमने खाली येते.

पण कलंडण्याच्या बेतात कोणी काम करीत नाही. जमिनीत खड्डा येतो, उतार येतो, अचानक थांबावे लागते. म्हणून पट्ट्यांच्या अशा लोडरसाठी कलंडण्याच्या भाराच्या ३५ टक्के एवढाच सुरक्षित भार मानण्याची रीत आहे. ७६७ चे ३५ टक्के म्हणजे २६८ किलोग्रॅम. आपला ओंडका ३४० किलोग्रॅमचा! म्हणजे पंज्यात ताकद आहे, पण यंत्राला तोल नाही. हा ओंडका अधांतरी उचलायचा नाही. मग काय करायचे? जे हत्ती करीत असे तेच. एक टोक उचलायचे, १७० किलोग्रॅम, आणि दुसरे जमिनीवर ओढत न्यायचे. शतकानुशतकांच्या अनुभवाने माणूस ज्या उत्तराशी पोचला, तिथेच आपले गणितही येऊन थांबले.

जंगलाची जमीन

आणखी एक गोष्ट. रानातली माती पोकळ हवी. तरच पावसाचे पाणी मुरते आणि रोपाची मुळे पसरतात. यंत्राचे दोन पट्टे प्रत्येकी २० सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर लांब जमिनीला टेकतात असे धरा. यंत्र, चालक आणि ओंडक्याचा निम्मा भार मिळून १,२३० किलोग्रॅम. क्षेत्रफळ ४,००० चौरस सेंटिमीटर. दाब आला सुमारे ०.३ किलोग्रॅम-भार. तुमच्या दोन पावलांचा ठसा चौकटीच्या कागदावर काढून स्वतःचा दाब काढा. फार फरक नाही, असे दिसेल! मात्र भार पुढे असला की पट्ट्यांच्या पुढच्या कडेखाली दाब वाढतो, आणि जागच्या जागी वळताना पट्टे वरची माती खरवडून काढतात. म्हणून शहाणा चालक रानात मोठे वळण घेतो आणि आखलेल्या वाटेनेच जातो.

तुम्ही विचाराल, असे यंत्र आले तर ओंडके वाहणाऱ्या माणसांच्या मजुरीचे काय? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पास्कलच्या नियमात नाही. ज्या गावकऱ्यांनी हे ओझे खांद्यावर वाहिले, त्यांच्याच मुलामुलींच्या हाती यंत्राच्या मुठी आल्या, तर ते यंत्र त्यांचे. पण मूठ हाती घेणाऱ्याला वरचा हिशेब आला पाहिजे. पंज्याची ताकद कुठे संपते, हे त्याला यंत्र सांगणार नाही. मला बाजारातली ती काठी आठवते आणि वाटते, ज्याने दगड काढला त्याला कोणी हे आधी सांगितले असते तर!

जाता जाता एक कोडे. पंज्यात लहान ओंडका उचलून धरला आहे आणि उतारावरून खाली यायचे आहे. यंत्राचे तोंड उताराकडे ठेवाल की चढाकडे? टेबलाच्या कडेवर पट्टी ठेवा, पुढच्या टोकावर नाणे ठेवा, टेबल थोडे कलते करा आणि मग उत्तर द्या.