बुटक्या तिवराची मोठी ओढ

मानखुर्द सोडून लोकल वाशीच्या पुलाकडे निघाली की दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा लागतो. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला खेटून ठाणे खाडीच्या काठाने जाणाऱ्या कांदळवनाचा, म्हणजे खारफुटीच्या जंगलाचा, हा भाग. त्यात बहुतेक सगळं तिवरच. जेमतेम दोन पुरुष उंचीची, राखाडी खोडाची, कुणी मुद्दाम वळून पाहणार नाही अशी झाडं. पण पाणी ओढण्याच्या ताकदीत कॅलिफोर्नियातला ११५ मीटर उंच रेडवुडसुद्धा त्यांच्यापुढे फिका पडतो.

आधी शाळेतला धडा थोडा उजळवू. पान पर्णरंध्रांतून वाफ सोडत असतं. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी दोन-तीन टक्केच झाडाच्या अंगी लागतं, बाकीचं हवेत जातं. पाणी उडालं की पानातल्या उरलेल्या पाण्यावर ताण येतो. पाण्याचे रेणू एकमेकांचा हात सहसा सोडत नाहीत, त्यामुळे तो ताण जलवाहिन्यांमधून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोचतो. म्हणजे उंच झाडात पाणी खालून ढकललं जात नाही, वरून ओढलं जातं. डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये हे मांडलं. आपल्या जगदीशचंद्र बोसांना ते पटलं नाही. १९२३ च्या पुस्तकात त्यांनी श्रेय दिलं ते जिवंत पेशींच्या स्पंदनाला. कल्पना देखणी, पण टिकली नाही. स्ट्रासबुर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ मध्येच विष पाजून मारलेल्या खोडातही पाणी चढतं, हे दाखवलं होतं. जलवाहिन्या म्हणजे मुळात मेलेल्या पेशींच्या नळ्याच.

आता हिशेब. पाणी दहा मीटर वर न्यायला साधारण हवेच्या एका दाबाएवढी ओढ लागते. शंभर मीटरच्या झाडाला दहा दाब, वर नळ्यांमधल्या घर्षणाचा थोडा खर्च. पण समुद्राचं पाणी गोडं करून घ्यायचं तर आधी मिठाशीच झगडावं लागतं, आणि मिठाची पकड सुमारे २५ दाबांची असते. २५ दाब म्हणजे अडीचशे मीटर उंचीचं काम! तिवर जेमतेम दोन पुरुष उंच, पण मे महिन्यात खाडी समुद्राइतकी खारी होते तेव्हा त्याला अडीचशे मीटर झाडाची मेहनत करावी लागते. पावसाळ्यात नदीनाल्यांचं पाणी उतरतं, तेवढाच त्याला विसावा.

ही ओढ मोजली ती शोलँडर या शास्त्रज्ञाने, १९६५ मध्ये. पानांसकट डहाळी तोडायची, जाड पोलादी डब्यात कोंबायची, देठाचं कापलेलं टोक तेवढं बाहेर ठेवायचं आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. कापल्या क्षणी आत पळालेला रस ज्या दाबाला पुन्हा टोकावर चमकतो, तेवढी त्या झाडाची ओढ. खारफुटीत आकडे आले ३० ते ६० दाबांचे. रेडवुडच्या शेंड्याला हाच आकडा विसाच्या आत राहतो.

घरातलं आरओ यंत्र पंपाने पाणी चाळणीवर दाबतं. तिवर तेच पाणी चाळणीच्या पलीकडून खेचतं, विजेचं बिल न येता. चाळणी असते मुळाच्या आतल्या थरात. तिथल्या पेशींच्या भिंती मेणचट द्रव्याने बुजवलेल्या, त्यामुळे पाण्याला भिंतींच्या फटींतून चोरवाट नाही, पेशीच्या पडद्यातूनच जावं लागतं. नव्वद टक्क्यांहून जास्त मीठ बाहेरच राहतं. पोटॅशियम, नायट्रोजन यांना मात्र त्याच पडद्यात खास दारं आहेत. उरलंसुरलं मीठ पान आपल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. भर उन्हात तिवराचं पान जवळून बघा, पांढरे कण दिसतील. बोटाने टिपून जिभेला लावा, मीठच लागेल. (डम्पिंगच्या बाजूचं पान मात्र चाखू नका.)

एवढ्या ताणाखाली पाण्याचा धागा तुटून नळीत हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी गेलीच. म्हणून तिवराच्या नळ्या बारीक आणि पुष्कळ. पानात तयार झालेली साखर खाली नेणाऱ्या रसवाहिन्यांची रचना तर त्याहून मजेशीर. आंब्या-शिरिषात त्या सालीच्या लगेच आत असतात. म्हणूनच दिव्यांच्या माळेची तार रस्त्यावरच्या झाडाला वर्षानुवर्षं आवळून ठेवली की वर पाणी चढत राहतं आणि खाली मुळं उपाशी मरतात. तिवराच्या खोडात जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांचे थर एकाआड एक, पार आतपर्यंत. साल सोलली तरी सगळ्या वाटा बंद होत नाहीत.

इतकं चिवट झाड मरतं कसं? नाक दाबून. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवर बोटभर जाडीची श्वसनमुळं चिखलातून वर काढतं आणि ओहोटीला त्यांच्या छिद्रांतून हवा घेतं. शोलँडरनेच १९५५ मध्ये अमेरिकेतल्या खारफुटीच्या मुळांची अशी छिद्रं ग्रीस लावून बुजवली होती. जमिनीखालच्या मुळांतला प्राणवायू घटत घटत गेला. जिवंत मुळाविना ना पोषणद्रव्यं निवडून घेता येतात, ना नवी मुळं फुटतात. एक डंपर राडारोडा नाक दाबण्याचं हे काम कुऱ्हाडीपेक्षा बिनबोभाट करतो. झाड उभंच दिसतं, मग हळूहळू वाळतं आणि जमीन ‘मोकळी’ होते.

देवनारला कचरा पडतोय १९२७ पासून. खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. खारफुटी नष्ट करणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरच घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं आहे. कायदा आहे, नजर ठेवणारे डोळे कमी आहेत. खाडीकडे रात्री राडारोड्याचा डंपर वळताना दिसला, तर फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.