रंगमंचावरील बोलके हात

नाट्यगृह भरलेले आहे. रंगमंचावर एक पात्र काही बोलते आणि सारे प्रेक्षागृह हास्याने दुमदुमून जाते. मधल्या रांगेतील एक प्रेक्षक मात्र शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहतो. त्यांचे हसणे त्याला दिसते. हसण्याचे कारण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो कर्णबधिर आहे. तिकिटाचे पैसे त्यानेही इतरांइतकेच मोजले आहेत. मग नाटक त्याला अर्धेच का मिळावे? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे नाटक, नृत्य, संगीत यांसारख्या प्रयोगजीवी कलांसाठी काम करणारा सांकेतिक भाषेचा दुभाषी होय.

2011 च्या जनगणनेनुसार आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या 50 लाखांहून अधिक होती. त्यांपैकी अनेकांच्या दैनंदिन व्यवहाराची भाषा भारतीय सांकेतिक भाषा ही आहे. सांकेतिक भाषा म्हणजे मनाला येतील तसे केलेले हातवारे, असा गैरसमज आढळतो. वस्तुतः तिला स्वतःचे व्याकरण आहे. 'तू केव्हा येणार?' हा प्रश्न विचारताना 'केव्हा' हा संकेत वाक्याच्या शेवटी येतो. भुवया, डोळे, खांद्यांचे वळणे यांनाही त्यात अर्थ असतो. जगभर एकच सांकेतिक भाषा आहे, हेही खरे नाही; निरनिराळ्या देशांच्या भाषा निरनिराळ्या आहेत.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. नृत्यातील हस्तमुद्रा आपल्या परिचयाच्या असतात. म्हणून कोणाला वाटेल, की मुद्रा जाणणाऱ्यास दुभाष्याचे काम सहज जमेल. परंतु मुद्रा हे कलेतील संकेत आहेत आणि सांकेतिक भाषा ही जिवंत माणसांची नित्याची भाषा आहे. आंगिक अभिनयाची जाण दुभाष्याला उपयोगी पडते, हे मात्र निश्चित.

न्यायालयात किंवा रुग्णालयात दुभाष्याला पुढचे वाक्य आधी ठाऊक नसते. नाटकात संहिता हाती असते, म्हणून तयारीला वाव मिळतो आणि जबाबदारीही वाढते. दुभाषी संहिता वाचतो, तालमी पाहतो, प्रत्येक पात्रासाठी एक संकेतनाम ठरवतो. दोन पात्रांचा संवाद असेल, तर खांद्यांची आणि नजरेची दिशा बदलून कोण बोलत आहे ते तो दाखवतो. कर्णबधिर प्रेक्षकांना नट आणि दुभाषी एकाच दृष्टिक्षेपात दिसावेत, अशी त्याची जागा दिग्दर्शकाशी बोलून ठरवावी लागते. रंगमंचावर अंधार झाला तरी त्याच्या हातांवर प्रकाश हवा. हात स्पष्ट दिसावेत म्हणून त्वचेच्या रंगाशी विरोधी असा, नक्षी नसलेला पोशाख तो निवडतो. या कामाने शरीर आणि बुद्धी दोन्ही थकतात; म्हणून मोठ्या प्रयोगासाठी दोन दुभाषी आळीपाळीने काम करतात. तयारीत एखाद्या कर्णबधिर जाणकाराचा सल्ला घेणे हितावह असते, कारण संकेत समजला की नाही हे तोच सांगू शकतो.

खरी कसोटी लागते ती शब्दांच्या खेळात. समजा, एखादे पात्र कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला म्हणते, "साहेब, मी कर जोडतो, पण कर भरत नाही." मराठीत 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी पट्टी, गंमत एका शब्दात आहे. सांकेतिक भाषेत या दोन अर्थांसाठी दोन वेगळे संकेत आहेत. शब्दशः भाषांतर केले, तर विनोद मरतो. अशा वेळी जोडलेले हात हळूच मागे नेऊन खिसा झाकणारे दाखवावेत, असे काही दुभाष्याला सुचावे लागते. शिवाय हे नटाच्या वाक्याबरोबरच साधले पाहिजे. कर्णबधिर प्रेक्षकाने इतरांच्या नंतर नव्हे, तर इतरांबरोबर हसावे, यातच दुभाष्याचे यश आहे. गाण्यात अर्थाबरोबर लय आणि पुनरावृत्तीही हातांतून उमटवावी लागते. आणि हे सारे करताना प्रेक्षकांचे लक्ष नटावरून स्वतःकडे ओढून घ्यायचे नसते.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने सुरुवात कशी करावी? 2015 मध्ये नवी दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी दुभाष्यांचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम उपलब्ध आहे. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनेही माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा विषय सुरू केला आहे. परंतु भाषा केवळ वर्गात येत नाही. कर्णबधिरांच्या सहवासात राहूनच ती अंगी मुरते. नाटकासाठी पुढे अभिनयाचा सराव आणि भरपूर नाटके पाहण्याची सवय हवी.

केवळ रंगभूमीवर उपजीविका चालेल, अशी स्थिती आज आपल्याकडे नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बहुतेक दुभाषी शाळा, कार्यालये, न्यायालये, दूरचित्रवाणी येथे काम करतात आणि नाट्यप्रयोगांचे काम प्रसंगपरत्वे स्वीकारतात. तथापि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क मान्य केला आहे. त्यामुळे दुभाष्याची नेमणूक ही दया ठरत नाही. ती प्रेक्षकाच्या हक्काची पूर्ती ठरते.

मधल्या रांगेतील तो प्रेक्षक पुन्हा आठवावा. रंगमंचाच्या कडेला दोन हात उजेडात हलत आहेत. पात्र बोलते, प्रेक्षागृह हसते आणि त्याच क्षणी तोही हसतो. आता त्याला शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावे लागत नाही.