तिसरा हात

माणशी पन्नास किलो. नाझींकडून तेरेझीनच्या घेट्टोत पाठवल्या जाणाऱ्या ज्यू माणसाला एवढंच सामान सोबत नेता येत असे. १९४२च्या डिसेंबरात बोहेमियातल्या ह्रोनोव या लहान गावी राहणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस आणि त्यांचे पती पावेल यांच्यावर ही पाळी आली. ऐन थंडीचे दिवस, परत येण्याची शाश्वती नाही. अशा वेळी घरातली बाई लोकरीचे कपडे, औषधं, खाण्याचं काहीबाही बांधून घेईल. फ्रीडलनी आपल्या वाट्याच्या वजनात कागद, रंग आणि चित्रकलेचं सामान भरलं.

पुढच्या बावीस महिन्यांत तेरेझीनमधल्या शेकडो मुलांनी त्यांच्या वर्गात बसून चित्रं काढली. मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. योगायोग असा की, ज्या १९४२ साली फ्रीडल तिथे पोचल्या, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एड्रियन हिल या चित्रकाराने ‘आर्ट थेरपी’ हा शब्द घडवला. क्षयावर उपचार घेताना चित्रकलेने आपल्याला तारलं, हा हिल यांचा स्वतःचा अनुभव होता. फ्रीडलनी मात्र स्वतःला कधी आर्ट थेरपिस्ट म्हणवलं नाही. त्या चित्रकार होत्या आणि शिक्षिका होत्या. तरीही या व्यवसायाची एक ठसठशीत परंपरा त्यांच्यापासून सुरू होते, कारण त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी अटलांटिकपार गेली.

आधी फ्रीडल कोणाकडे शिकल्या ते पाहू. जन्म ३० जुलै १८९८चा, व्हिएन्नातला. आई लहानपणीच गेली. वडील कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीला, त्यामुळे खेळणी नसली तरी चित्रकलेचं सामान हाताशी असे. व्हिएन्नात त्या काळी फ्रांत्स चिझेक नावाचे एक विलक्षण शिक्षक होते. मुलांच्या चित्राला मोठ्यांच्या फूटपट्टीने मोजायचं नाही, असं ते मानत. फ्रीडल त्यांच्या वर्गात बसल्या. मग त्या योहानेस इटेन यांच्या शाळेत गेल्या आणि १९१९मध्ये इटेन यांच्याच मागोमाग वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. इटेन वर्गाची सुरुवात श्वासाने आणि अंगाच्या हालचालींनी करायला लावत. रेघ ओढण्याआधी ती अंगात उतरायला हवी, अशी त्यांची धारणा होती. (१९२२च्या अखेरीस कलकत्त्यात बाउहाउसच्या कलावंतांचं प्रदर्शन भरलं, त्यात इटेन यांचीही चित्रं होती. हे सगळं आपल्यापासून वाटतं तितकं दूर नव्हतं.)

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या पिढ्यांना वस्तुचित्रातली सुरई आणि तिची सावली आठवत असेल. फ्रीडलही वस्तुचित्र शिकवत, अगदी कसून शिकवत; पण सुरई हुबेहूब उतरली का, हा त्यांचा प्रश्न नसे. मुलाने ती स्वतः पाहिली का, एवढंच त्या बघत.

१९३४मध्ये व्हिएन्नात कम्युनिस्ट कामासाठी त्यांना अटक झाली. सुटल्यावर त्या प्रागला गेल्या. तिथे मनोविश्लेषक ॲनी राइख यांच्याकडे त्यांनी स्वतःचं मनोविश्लेषण करून घेतलं आणि जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. एडिथ क्रेमर ही त्यांची व्हिएन्नातली विद्यार्थिनी त्यांच्यापाठोपाठ प्रागला आली. तिचा जन्म १९१६चा, म्हणजे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची. घर सुटलेली, धास्तावलेली मुलं फ्रीडलच्या वर्गात कशी सावरतात, हे तिने शेजारी बसून पाहिलं. आर्ट थेरपीचा अभ्यासक्रम तेव्हा कुठेही नव्हता. एडिथचं सगळं शिक्षण हे असं पाहण्यातून झालं. १९३८मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. फ्रीडलनाही पॅलेस्टाइनला निघून जाता आलं असतं, पण त्या राहिल्या.

तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरचं अठराव्या शतकातलं किल्ल्याचं गाव. युद्धाआधी तिथे सैनिक धरून सातेक हजार माणसं राहत. १९४२च्या सप्टेंबरात तिथे अठ्ठावन्न हजारांच्या आसपास कैदी कोंबलेले होते. मुलांना शिकवण्यावर बंदी होती, चित्र काढायला आणि गायला मात्र मुभा होती. कैद्यांनी चालवलेल्या मुलांच्या वसतिगृहांत, विशेषतः एल-४१० या मुलींच्या घरात, फ्रीडल वर्ग घेत. एकेका खोलीत तीनमजली बाकड्यांवर दाटीवाटीने मुली राहत, आणि तीच खोली वर्गही होई.

वर्गाची पद्धत इटेन यांची होती. फ्रीडल ताल धरत आणि मुलं त्या तालावर रेघा ओढत. कधी त्या पटापट काही वस्तूंची नावं सांगत आणि मुलं त्यांतून चित्र जुळवत. कधी व्हर्मेरसारख्या जुन्या चित्रकारांची चित्रं समोर ठेवून मुलं कागदाच्या तुकड्यांतून ती पुन्हा रचत. कागद संपल्यावर कार्यालयातले छापील फॉर्म आणि रद्दी वापरली जाई. काही चिकटचित्रांमध्ये फॉर्मवरचे रकाने आजही दिसतात. मुलांनी काय काढलं? घरं, जेवणाची टेबलं, फुलं, फुलपाखरं, डोंगर. बाकडी, पहारेकरी आणि रांगाही आहेत, पण तुलनेने कमी. फ्रीडल ‘तुझं दुःख काढ’ असं कोणाला सांगत नसत. मला त्यांच्या कामातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ताल, आकार आणि रंग हाताळताना मुलाचं मन काही वेळ त्याच्या स्वतःच्या ताब्यात येतं, आणि मग काय काढायचं ते त्याचं त्याने ठरवायचं.

एक नियम मात्र त्या पाळून घेत. चित्रावर नाव लिहायचं. जिथे माणसाची ओळख रवानगीच्या यादीतल्या क्रमांकापुरती उरली होती, तिथे प्रत्येक मुलाने आपलं नाव, काहींनी वयही, कागदावर लिहिलं. स्वतः फ्रीडल तिथल्या आपल्या बहुतेक चित्रांवर सही करत नसत.

१९४३च्या उन्हाळ्यात त्यांनी तळघरात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि घेट्टोतल्या शिक्षकांसमोर मुलांच्या चित्रकलेवर व्याख्यान दिलं. मोठ्यांनी घाई करून मुलाला आपल्या वाटेवर ओढलं, तर त्याची स्वतःची निर्मितीशक्ती तुटते, हा त्याचा गाभा होता. भुकेने आणि रोगराईने रोज माणसं मरत होती, आणि अशा ठिकाणी शिक्षक जमून मुलं चित्र कसं काढतात यावर बोलत होते. एकमेकांकडून शिकणाऱ्या समव्यावसायिकांची याहून अवघड परिस्थितीतली बैठक मला माहीत नाही.

१९४४च्या सप्टेंबरअखेर पावेलना ऑश्विट्झला नेलं. फ्रीडलनी त्यांच्यामागे जाण्यासाठी स्वतःहून नाव दिलं आणि ६ ऑक्टोबरच्या गाडीने त्या गेल्या. जाण्याआधी मुलांची चित्रं दोन सूटकेसमध्ये भरून ठेवलेली होती. फ्रीडल ऑश्विट्झच्याच बिर्केनाउ छावणीत मारल्या गेल्या. पावेल वाचले. युद्ध संपल्यावर एल-४१०चे प्रमुख विली ग्रोग यांनी त्या सूटकेस प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचवल्या. चित्रांवरची नावं पुढे रवानगीच्या याद्यांशी ताडून पाहता आली. ती चित्रं काढणाऱ्या सुमारे ६६० मुलांपैकी ५५० जगली नव्हती.

न्यूयॉर्कमध्ये एडिथ क्रेमर यांनी युद्धकाळात यंत्रांच्या कारखान्यात काम केलं, आणि पाळी संपल्यावर तिथेच थांबून कामगारांची चित्रं काढली. १९५०मध्ये त्यांना विल्टविक या मुलांच्या निवासी शाळेत काम मिळालं. तिथे मुख्यतः हार्लेममधली, कायद्याच्या कचाट्यात सापडलेली, लहान वयाची मुलं येत. पुढे मुष्टियुद्धात हेवीवेट विजेता झालेला फ्लॉइड पॅटरसन हा तिथलाच. तिथे त्यांना आर्ट थेरपिस्ट हे पद मिळालं. तिथल्या सात वर्षांच्या अनुभवावर त्यांनी १९५८मध्ये पुस्तक लिहिलं.

रंग हातात आल्यावर मूल नेमकं काय करतं, याच्या त्यांनी पायऱ्या सांगितल्या. आधी नुसतं चिवडणं आणि माखणं. मग कधी रंगांचा आणि मातीचा बेभान धिंगाणा. कधी त्याच त्या साच्यातली सुरक्षित चित्रं, तर कधी फक्त निरोप सांगण्यापुरती खूण. आणि केव्हातरी, जिथे भावना आणि आकार एकमेकांत मुरलेले आहेत, असं खरं चित्र. मनातल्या आवेगाचं उदात्तीकरण या शेवटच्या टप्प्यावर होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या दुसऱ्या अग्रणी मार्गारेट नॉमबर्ग चित्राकडे मनोविश्लेषणातल्या बोलण्यासारखं पाहत. चित्रातून अबोध मन बोलतं आणि मग त्यावर बोलायचं. क्रेमर यांच्या मते चित्र नीट घडणं हाच उपचार होता. दोघींचं कधी एकमत झालं नाही, आणि या मतभेदावरच पुढच्या पिढ्या शिकल्या. १९६१मध्ये एलिनॉर उल्मन यांनी या विषयाचं नियतकालिक सुरू केलं, तेव्हा एकेकट्याने काम करणाऱ्यांना प्रथमच एकमेकांचं काम वाचायला मिळालं. १९६९मध्ये अमेरिकेतली व्यावसायिक संघटना उभी राहिली.

१९८६मध्ये क्रेमर यांनी थेरपिस्टच्या ‘तिसऱ्या हाता’विषयी लिहिलं. मुलाचा मातीचा घोडा पायांतून कोसळतोय. थेरपिस्टने तो स्वतः घडवून द्यायचा नाही, आणि कोसळू देऊन त्यातून अर्थही काढत बसायचं नाही. पायांना आधाराची तार कुठे घालायची हे माहीत असलेला हात पुढे करायचा आणि घोडा मुलाचाच राहू द्यायचा. आपली आवड, आपली शैली मध्ये येऊ द्यायची नाही. हे जमायला थेरपिस्टला स्वतःला माती, रंग, कागद मनापासून अवगत हवेत. म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठात आर्ट थेरपीचा अभ्यासक्रम उभा करताना क्रेमर यांचा आग्रह असे की, थेरपिस्टने स्वतःची चित्रकला कधी सोडू नये.

त्यांनी सोडली नाही. त्या भुयारी रेल्वेत बसून प्रवाशांची रेखाटनं करत राहिल्या. मॅनहॅटनच्या स्प्रिंग स्ट्रीट स्टेशनच्या भिंतीवर १९९४पासून त्यांचं एक मोझॅक आहे. त्यात रेल्वेचा डबा आहे आणि बसलेली, उभी असलेली माणसं आहेत.