चिखलातला अंगठा

पाऊस पडून गेला की यवतमाळच्या काळ्या मातीत अनवाणी पाय ठेवा आणि हळूच उचला. काय दिसतं? मागे टाचेचा खोल खड्डा, पुढे बोटं, आणि अंगठा त्यांच्याच रांगेत, सरळ पुढे बघणारा.

आता टिपेश्वरच्या जंगलातलं वानर आठवा. त्याच्या पायाचा अंगठा इतर बोटांपासून फाकलेला असतो. फांदी पकडायला तो फार कामाचा! आपल्याला पायानं तशी फांदी धरता येत नाही. त्या बदल्यात आपल्याला मिळालं दोन पायांवर चालणं.

हे चालणं किती जुनं, ते आफ्रिकेतल्या राखेनं सांगितलं. टांझानियात लेटोली नावाची जागा आहे. १९७६ साली तिथे काही शास्त्रज्ञ गमतीनं एकमेकांवर हत्तीचं वाळलेलं शेण फेकत होते. (खरंच!) त्यांच्यातले अँड्र्यू हिल ते चुकवता चुकवता खाली पडले, आणि पाहतात तर समोर दगडात प्राण्यांचे ठसे! दोन वर्षांनी शास्त्रज्ञ मेरी लीकी यांच्या चमूला तिथेच माणसासारख्या पावलांची रांग सापडली. ज्वालामुखीची राख पावसानं ओली झाली होती, तिच्यावरून कुणीतरी चालत गेलं, राख घट्ट झाली, वर आणखी राख पडली. ठसे ३६ लाख वर्षं टिकले! टाच आधी टेकलेली, अंगठा पुढे बघणारा, अगदी तुमच्या ठशासारखा.

कोण होते हे? बहुधा ल्युसीच्या जातीचे. ल्युसी म्हणजे माणसाची एक प्राचीन नातलग; तिचा सांगाडा १९७४ साली इथिओपियात सापडला. उंची जेमतेम साडेतीन फूट. तिचं मांडीचं हाड आपल्यासारखंच गुडघ्याकडे तिरकं आत येतं. म्हणून एक पाय उचलला तरी तोल जात नाही. पण या जातीचा मेंदू आपल्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांश! मला याचंच सगळ्यात नवल वाटतं. माणूस हुशार झाला आणि मग उभा राहिला, असं घडलंच नाही. पाय आधी माणसाचे झाले, डोकं लाखो वर्षांनी मागून आलं.

ते उभे का राहिले, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. एक मोजमाप मात्र भारी आहे: तेवढंच अंतर चालायला चिंपांझीला आपल्या जवळजवळ चौपट ऊर्जा लागते. शिवाय हात मोकळे राहतात. कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया बघा. पाय तासातून पुढे सरकतात आणि दोन्ही हात बोंडांवर चालतात.

वानर कधी दोन पायांवर चालताना दिसलं, तर त्याच्या गुडघ्यांकडे बघा. ते वाकलेलेच असतात. मग स्वतःचे बघा!