दंतचिकित्सेतील संभाषण आणि आभासी रुग्ण

दंतवैद्याचे संभाषण इतर वैद्यांच्या संभाषणाहून एका बाबतीत मूलतः भिन्न असते. उपचार चालू असताना रुग्णाचे तोंड उघडे असते, पण त्याला बोलता येत नाही. जे विचारावयाचे ते आधी विचारावे लागते. ‘दुखल्यास डावा हात वर करा’ यासारखा संकेतही आधीच ठरवावा लागतो. हे कौशल्य विद्यार्थ्याने खऱ्या रुग्णावर चुका करीतच शिकावे काय?

१९६३ च्या सुमारास अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी रुग्णाची भूमिका वठविणाऱ्या व्यक्तींची वैद्यकीय शिक्षणात योजना केली. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर धारण करावयाचे दर्शनयंत्र सिद्ध केले. आजचा ‘आभासी वास्तवा’तील रुग्ण हा या दोन कल्पनांचा संगम होय. यंत्र डोळ्यांवर चढविताच खुर्चीतील रुग्ण समोर दिसतो. तो उत्तरे देतो, घाबरतो, दात काढू देण्यास नकारही देतो. एकच प्रसंग कितीही वेळा घडविता येतो आणि कोणासही इजा होत नाही.

तथापि यंत्र केवळ रंगमंच पुरविते; संवाद भाषेनेच पुरवावयाचे असतात. मराठीत दात ठणकतो, आंबतो, शिवशिवतो, त्यातून कळ निघते. थंड पाण्याने येणारी क्षणिक शिवशिव आणि रात्रीची झोप उडविणारा ठणका यांतील भेद निदानालाच दिशा देतो. इंग्रजीतून शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तो आपोआप उमगेल असे नाही.

नागपुरात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. येथील शासकीय दंत महाविद्यालयाची स्थापना १९६८ ची. नागपूरच्या रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांच्या मुखी वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, गोंडी अशा अनेक भाषा व बोली असतात. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना यांचा खर्रा सर्रास खाल्ला जातो. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतुमयता वाढून तोंड उघडेनासे होते. पुढे तेथे कर्करोगही उद्भवू शकतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नास खर्रा खाणारा रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो, कारण त्याच्या लेखी तंबाखू निराळी आणि खर्रा निराळा. ‘दिवसाला किती खर्रे होतात?’ हा प्रश्न मात्र त्याला नेमका कळतो.

म्हणूनच परदेशी संवादांचे प्रमाण मराठीत केलेले भाषांतर येथे पुरेसे नाही. आभासी रुग्णाची भाषा बाह्यरुग्ण विभागातील खऱ्या बोलण्यातून, रुग्णांच्या संमतीने, संकलित व्हावयास हवी. हे कार्य अभियंता व दंतवैद्य यांच्याइतकेच भाषावैज्ञानिकाचेही आहे.