झोका कुणाचं ऐकतो?

नागपंचमीला चिंचेच्या फांदीला झोका बांधला, की आधी कोण बसणार यावरून भांडण ठरलेलं! समजा, आधी तुमची पहिलीतली छकुली बसली आणि मग धिप्पाड काका. कुणाचा झोका भरभर जाऊन येईल?

पाचवी-सहावीच्या मुलांना मी हे विचारते, तेव्हा वर्गात दोन तट पडतात. "काका जड, म्हणून हळू!" "छे, जड म्हणजे जोरात खाली येणार, काकाच भरभर!" दोन्हीकडे कारण आहे, आवाजही आहे. पण निकाल लावायला दोराच लागतो.

सव्वा मीटर दोरा घ्या आणि सायकलच्या दुकानातून तीन सारखे नट आणा. एक नट दोऱ्याला बांधा, दुसरं टोक उंचावरच्या घट्ट दांडीला. वरच्या गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर 1 मीटर भरू द्या. नट वीतभर बाजूला ओढा आणि नुसता सोडा, ढकलू नका. निघाला तिथे परत आला, की एक आंदोलन झालं. एकच मोजायला गेलात तर घड्याळाचं बटण दाबेपर्यंत ते संपतं, म्हणून दहा मोजा. आणि हो, नट सोडताना "शून्य" म्हणा. "एक" म्हणालात तर एक हेलकावा हरवला!

दहा आंदोलनांना सुमारे 20 सेकंद लागतील. आता तिन्ही नट बांधा. मोजा. पुन्हा 20!

मात्र नट एकाखाली एक लोंबते बांधू नका, तिन्ही एकाच गाठीत अडकवा. नाहीतर वजनाबरोबर लांबीही वाढते आणि फरक कशाने पडला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगातला माझा सगळ्यात लाडका नियम.

असं का झालं? जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते हे खरं. पण जड वस्तू हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. फिटंफाट! म्हणून छकुली आणि काका बरोबरीत.

मग झोका ऐकतो तरी कुणाचं? दोरीचं. दोरा 25 सेंटिमीटर करून पाहा. दहा आंदोलनं 10 सेकंदांत होतील. लांबी पावपट झाली, वेळ मात्र निम्मा!

पिसा शहरातल्या चर्चमध्ये हलणारा दिवा पाहून गॅलिलिओने स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांवर वेळ मोजला, असं सांगतात. पुढे 1656 साली हायगेन्स या शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ बनवलं. आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळात तोच लंबक डुलत असतो.

आता चिंचेकडे चला. झोका हळूच हलू द्या आणि एका आंदोलनाला किती सेकंद लागतात ते काढा. त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा आणि 4 ने भागा. 4 सेकंद लागले तर 4 गुणिले 4 म्हणजे 16, भागिले 4. झोका अंदाजे 4 मीटर लांब! झाडावर न चढता फांदीचा अंदाज आला.

एक कोडं मात्र तुमच्यासाठी. बसून घेतलेला झोका आणि उभं राहून घेतलेला झोका, दोन्हींना सारखाच वेळ लागेल का? दोर घट्ट धरा, मित्राला मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.